इलाहीभाईंची निळी बाटली आणि माझा आजीव परवाना

दान देणाऱ्या मनुष्याच्या हातून एक सूक्ष्म अपराध घडण्याचा नेहमीच संभव असतो. आपण काय देत आहोत, याकडे तो मोठ्या कौतुकाने पाहतो. कोणाला देत आहोत, याकडे पाहावयाचे मात्र राहून जाते. देणगी जितकी थोर, तितका हा दृष्टिदोष अधिक. हा अपराध मी गतवर्षीच्या विजयादशमीपासून माघाच्या आरंभापर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने, अत्यंत निष्ठेने केला. त्यात माझे कुटुंब, एक शासकीय कार्यालय आणि वीस किलो बाजरी यांना विनाकारण सहभागी व्हावे लागले. तेव्हा घडले ते क्रमाने सांगून टाकणे, हेच उचित.

शिरूरच्या एसटी स्थानकामागे इलाहीभाईंचे केशकर्तनालय होते. एक खुर्ची, एक बाक, एक आरसा. हायस्कुलात संस्कृत शिकवीत असल्यापासून ते निवृत्त होऊन पंच्याहत्तरी गाठेपर्यंत, एकतीस वर्षे, दर सोमवारी आणि गुरुवारी मी त्या खुर्चीत मान मागे टाकून बसत आलो. ज्याच्या हाती वस्तरा आहे त्याच्याशी मनुष्य वाद घालीत नाही. आमचा स्नेह इतका निर्मळ राहण्याचे हेही एक कारण असावे. एकतीस वर्षांत त्यांनी माझ्या गालाला एकदाही ओरखडा उमटू दिला नाही, आणि मी त्यांना एकदाही 'जरा लवकर' म्हटले नाही.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला.

"गुरुजी, जानेवारीचा शेवटचा गुरुवार, आन् दुकान बंद," ते म्हणाले. "हात कापतोय आता. एका डोळ्याचं आपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. दौंडला आपा हाय, भाचा हाय अलीम. तिकडंच जातो."

मी आरशातून त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी फळीवरची एक निळी बाटली काढली. ती बाटली मी एकतीस वर्षे पाहत होतो. तिच्यावरचा कागद झिजून दोन-चार इंग्रजी अक्षरांपुरता उरला होता.

"ही अब्बाची," ते म्हणाले. "दौंडच्या रेल्वे कॉलनीतले गार्ड, डायवर, समदे अब्बाकडं दाढीला यायचे. दाढी झाली की ह्यातलं पानी गालाला. बे रम म्हनायचे त्याला. काय वास गुरुजी! अब्बा घरी आलं की मी आधी हात हुंगायचो त्यांचा." त्यांनी बूच काढून बाटली माझ्या नाकाशी धरली. धुळीखेरीज मला काहीही जाणवले नाही. "गेला ना? मला पन येत न्हाई आता. निसती काच राह्यली." मग बाटली पुसत, स्वतःशीच बोलल्यासारखे ते म्हणाले, "पाच वक्ताचे नमाजी होते अब्बा. पन ह्या बाटलीपायी मोहल्ल्यातले लोक टोमणं मारायचे. जाऊ द्या."

हे अखेरचे वाक्य माझ्या कानांनी ऐकले, हे मी शपथेवर सांगू शकतो. परंतु तोवर माझे मन पुढे धावले होते. टॉवेल गळ्याभोवती तसाच ठेवून मी उठून उभा राहिलो आणि बोललो, "इलाहीभाई, तुमच्या दुकानातली शेवटची दाढी माझी. आणि त्या दिवशी या बाटलीत तोच सुगंध असेल. हा माझा शब्द."

बाकावर आमचे शेजारी पोपटराव वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "गुरुजींनी शब्द दिला बरं का इलाहीभाई. म्या साक्षीदार."

इलाहीभाई हसले आणि फेस करू लागले. त्या हसण्यात किंचित संकोच होता, असे आज वाटते. त्या दिवशी मला त्यात केवळ कृतज्ञता दिसली.

आमची नात धनश्री हिने मोबाइलमध्ये पाहून बे रमची कृती सांगितली. तमालपत्रे, लवंगा, दालचिनी, संत्र्याची साल; हे सर्व बाटलीत घालून काही आठवडे मुरवावयाचे. मी वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून घेत होतो. मूळ बे रमच्या पानांचे वेस्ट इंडीजमधले झाड आपल्या तमालपत्राहून भिन्न असते, असेही तिने वाचून दाखविले. त्यावर, वृक्ष भिन्न असला तरी हेतू एक आहे, अशी टीप मी समासात लिहिली.

"आणि कशात मुरवायचं?" मी विचारले.

"रममध्ये, आजोबा. नावातच आहे ना."

स्वयंपाकघरातून भांडे आपटल्याचा आवाज आला. आमचे कुटुंब दारात येऊन उभे राहिले.

"इतकी वर्षं तुरटी पुरली," त्या म्हणाल्या. "आता गालांना प्यायला घालायचंय का?"

औषधी द्रव्य आणि मादक द्रव्य यांतील भेद केवळ प्रयोजनाचा असतो, हे मी त्यांना समजावून सांगितले. "ते प्रयोजन देवघरापासून लांब ठेवा," एवढेच त्या म्हणाल्या.

पोपटराव मूळचे दौंड तालुक्यातल्या राहू गावचे. तिथे त्यांचा ऊस आणि गुऱ्हाळ. नातवंडांच्या शाळेसाठी शिरूरला आमच्या शेजारी बंगला. कोणत्याही विषयावर सल्ला देण्यास त्यांना त्या विषयाची माहिती असावी लागत नाही, हा त्यांचा मोठेपणा. "रम म्हंजी काय गुरुजी?" ते कुंपणावरून म्हणाले. "ऊस, उसाची मळी, मळीची रम. म्हंजी माझ्या उसाचं नातवंडच की! कशाला काळजी करता, आज सांजच्याला आणून देतो एक."

"परवान्यावाचून?"

"गुरुजी, परमिट कोन इचारतंय?"

"कोणी विचारो अथवा न विचारो," मी म्हणालो. "या राज्यात मद्य बाळगण्यास परवाना लागतो. तो मी काढणार."

पोपटरावांचे डोळे, एखाद्याने बैलगाडीला वाहनचालकाचा परवाना मागितल्यावर होतात तसे झाले.

मद्याचे परवाने देणाऱ्या शासकीय कार्यालयात गेलो. टेबलामागे बसलेली तरुण स्त्री एकदम उठून उभी राहिली. "गुरुजी, तुम्ही? मी स्वप्नाली! दहावी ब." वीस वर्षांपूर्वी पाठांतर न केल्याबद्दल हिला मी व्हरांड्यात उभे केले होते, ते मला नेमके त्याच क्षणी आठवले. "बसा ना. काही तक्रार आहे का? शेजारी कोणी हातभट्टी लावलीय का?"

"तक्रार नाही. परवाना हवा आहे."

तिने दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "कुणासाठी, गुरुजी?"

"माझ्यासाठी. परंतु पिण्यासाठी नव्हे. गालाला लावण्यासाठी."

ती फार मायेने बोलली. "गुरुजी, सगळेच काहीतरी सांगतात. तुम्ही नाही सांगितलंत तरी चालेल."

आयुष्यात प्रथमच सत्य बोलल्याबद्दल मला क्षमा करण्यात आली. मी अर्ज वाचला. त्यात मद्य स्वतःच्या सेवनासाठी हवे आहे असे छापलेले होते, आणि त्याखाली मी सही करावी अशी अपेक्षा होती. मी नम्रपणे नकार दिला. घरी येऊन दोन पानी निवेदन लिहिले. 'सेवन' हा शब्द वगळून तेथे 'बाह्य लेपन' असे योजावे. लेपन हे सेवनाहून भिन्न असून त्यात द्रव्याचा प्रवेश जिव्हेमार्गे होत नाही, असा युक्तिवाद मांडला. निवेदन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले. मी चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेस स्वप्नाली साहेबांच्या खोलीतून बाहेर आली ती घाम पुसतच.

"गुरुजी, साहेब म्हणतात, गालाला लावायचं म्हणजे ते सौंदर्यप्रसाधन. त्याचं ऑफिस वेगळं. तिथं कारखान्याचं लायसन्स लागतं. केमिस्ट ठेवावा लागतो, फरशी विशिष्ट लागते, सांडपाण्याची सोय लागते." तिने कागदावर पेन टेकवले. "उत्पादन किती करणार, ते विचारलंय."

"एक बाटली."

"महिन्याला?"

"जन्मात."

तिने पेन खाली ठेवले. "गुरुजी, पिणार असाल तर मी आत्ता देते. न पिणार असाल तर तुम्हाला कारखाना काढावा लागेल."

मी सही केली. परवाना हाती आला तेव्हा त्यावर 'आजीव' असा शब्द होता. "एक दिवसाचाही मिळतो, तोही दुकानातच," स्वप्नाली म्हणाली, "पण तुम्हाला परत परत यायला नको म्हणून मी आजीव केला." गुरुदक्षिणा म्हणून मिळालेला तो कागद मी डोक्याला लावला नाही, इतकेच.

"पंच्याहत्तराव्या वर्षी आजीव!" आमचे कुटुंब चष्मा पुसून तो वाचीत म्हणाले. "चला, सरकारला तरी तुमच्या दीर्घायुष्याची खात्री आहे."

शिरूरमध्ये खरेदी करणे मला प्रशस्त वाटेना. येथे अर्धे गाव माझे विद्यार्थी, आणि उरलेले अर्धे त्यांचे पालक. म्हणून पोपटरावांच्या मोटारीतून थेट सोलापूर रस्त्यावर, भांडगावच्या अलीकडच्या एका दुकानात गेलो. रांगेत कारखान्यांतील परप्रांतीय कामगार होते. मी टोपी सारखी केली आणि रांगेच्या शेवटी उभा राहिलो. जाळीमागून कोणीतरी ओरडले, "आरं, गुरुजी! गुरुजी हायेत ते! पुढं येऊ द्या त्यांना!"

तो पृथ्वीराज. दहावी अ. दुकानाचा मालक. जाळीचे दार उघडून तो बाहेर आला आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडला. ते पाहून रांगेतील दोघे-तिघेही पाया पडले. "पहले बाबाजी को जाने दो," असे म्हणत रांग दुभंगली. मंदिराच्या गाभाऱ्याकडे मला कोणी इतक्या आदराने वाट करून दिल्याचे स्मरत नाही.

मी प्लास्टिकच्या पिशवीतून परवाना काढून पुढे केला. पृथ्वीराजने तो दोन्ही हातांनी धरला. "आजीव परमिट! गुरुजी, असं पिशवीत घालून जपून आणलेलं म्या पयल्यांदाच बघतोय. आरं, इकडं या रं, बघा, ह्येला म्हन्त्यात संस्कार!" रांगेतील मंडळी जवळ आली. कोणीतरी छायाचित्र काढले. "कोन्ची देऊ, गुरुजी?"

"जिला वास कमी असेल ती."

"थंडीच्या दिवसांत जरा कडकच घ्या, बाबाजी," मागून एकाने हिंदीत सुचविले.

आम्ही शिरूरला पोहोचण्याआधीच छायाचित्र पोहोचले होते. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॅप गटावर एका हाती परवाना आणि दुसऱ्या हाती बाटली असा मी, आणि त्याखाली बेचाळीस जोडलेले हात. एकाने लिहिले होते, 'सर अजूनही आम्हाला शिस्त शिकवत आहेत.' ही स्तुती आहे की निंदा, याचा निर्णय मी आजतागायत करू शकलेलो नाही.

आता प्रत्यक्ष कृती. माझ्याकडून मूळ चूक झाली ती येथे, आणि ती अज्ञानामुळे झाली नाही, विद्वत्तेमुळे झाली. आयुर्वेदातली द्राक्षासवासारखी आसवे धान्याच्या राशीत पुरून ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. राशीच्या मंद उष्णतेने ती मुरतात. मोबाइलवरच्या कृतीत असे काही नव्हते, पण माझ्या मते तो त्या कृतीतला दोष होता. मी चिनी मातीच्या बरणीत रम ओतली, मसाले आणि सालपटे घातली. कुंपणावरून पोपटरावांनी राहूच्या गुऱ्हाळातली अर्ध्या किलोची ढेप दिली. "गुळाबिगार वास धरतच न्हाई, गुरुजी. म्या सांगतो." आसवात गूळ असतोच, म्हणून तीही घातली. बरणीच्या तोंडाला फडके बांधले, त्यावर माती लिंपली आणि ती कोठीतल्या बाजरीत गळ्यापर्यंत पुरली. देवघर लांब होते. कुटुंबास सांगितले नाही. कारण त्यांनी विचारले नाही.

माती वाळली आणि तडकली. भोगीच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या धुरपदाबाई दळणासाठी बाजरी काढावयास गेल्या. माप बरणीला लागले, बरणी कलंडली, आणि अर्धी रम बाजरीत शांतपणे मुरली. पुढे चौकशी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय ठावं! बाजरी ओली दिसली. पाइपाची ओल आली असंल म्हनलं, आन् गच्चीवर उन्हात टाकली. सांगितलं असतं तर काकू वरडल्या असत्या." त्या दुपारी गच्चीवरच्या चिमण्या ऊन उतरले तरी उडाल्या नाहीत, असेही त्या म्हणाल्या. मग बाजरी गिरणीत गेली.

भोगीला आमच्याकडे महिला भजनी मंडळाची भाकरी असते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मिसळीची भाजी. अध्यक्षा साखरबाई, म्हणजे पोपटरावांच्या सौभाग्यवती. पहिल्या घासालाच त्या म्हणाल्या, "वैनी, पिठात लवंग घातली व्हय? काय वास सुटलाय!" सर्वांनी पीठ कसे केले ते विचारले. आमच्या कुटुंबाने नम्रपणे सांगितले की विशेष काही नाही, हातगुण. मंडळाने त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन अभंग अधिक म्हटले. शेजारच्या पाच घरी भाकऱ्या गेल्या.

सायंकाळी पोपटराव आले. ओसरीवर बसून त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. जाणत्याचे मौन होते ते.

"वैनी," डोळे उघडून ते म्हणाले, "भाकरी झकास. ब्रँड कोन्चा?"

यानंतर आमच्या घरी जवळजवळ दोन आठवडे कोणी बोलले नाही. स्वयंपाक चालू होता. भाकरी मात्र ज्वारीची.

बरणीत उरलेला अर्धा भाग मी गाळून घेतला आणि प्रयोग म्हणून स्वतःच्या गालांना लावून वाचनालयात गेलो. गूळ आपला धर्म सोडीत नाही. प्रथम एक माशी आली, मग तिने इतरांना कळविले. त्यांना वारण्यासाठी मी वर्तमानपत्र तोंडाशी धरले आणि वयोमानाप्रमाणे डुलकी लागली. जागा झालो तेव्हा ग्रंथपाल कोमट पाण्याने माझा गाल आणि अग्रलेख एकमेकांपासून सोडवीत होते.

शेवटच्या गुरुवारला तीन दिवस उरले होते. सोमवारी सकाळी गाल चोळीत बसलो असता आमच्या कुटुंबाने मौन सोडले.

"एक विचारू?"

"विचारा."

"इलाहीभाई शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून मशिदीत जातात. रोजे धरतात. ते रमला हात लावतील का, हे तुम्ही त्यांना विचारलंत का?"

परवान्याच्या चार खेपा, भांडगावची रांग, गूळ, बाजरी. या साऱ्या प्रवासात मी प्रत्येकाला काही ना काही विचारले होते. त्या एका मनुष्याला सोडून. आणि मग दसऱ्याला कानांनी ऐकलेले ते वाक्य साडेतीन महिन्यांनी माझ्या ध्यानात उतरले. त्या बाटलीपायी लोक त्यांच्या वडिलांना टोमणे मारीत. म्हणजे जी गोष्ट त्यांच्या मनात साठ वर्षे सलत होती, तीच मी शेवटच्या दिवशी, चार लोकांसमोर, त्यांच्या तळहातावर ओतणार होतो. तेही शब्द पाळल्याच्या अभिमानाने.

"आता?" मी विचारले.

"आता बहिणीला विचारा," त्या म्हणाल्या. "घरातलं बायकांना माहीत असतं."

मंगळवारी पहिल्या बसने निघालो. न्हावरे, चौफुला, तिथून दुसरी बस दौंड. रुळांपलीकडच्या गल्लीत इलाहीभाईंच्या थोरल्या बहिणीचे, मुमताजआपांचे घर. अलीमने दार उघडले. ऐंशी ओलांडलेल्या मुमताजआपा चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या. मी सर्व हकिगत सांगितली. परवान्यापर्यंत त्या गंभीर होत्या. 'रम' म्हणताच त्यांना असे हसू फुटले की अलीमने धावत पाणी आणले.

"अब्बा आन् रम! अहो मास्तर, त्या मानसानं जन्मात ताडाच्या झाडाखालून सुदिक वाट न्हाई काढली! बाटली एका गार्डसायबानं टाकून दिल्याली. रिकामी. आतलं पानी अम्मीचं."

"म्हणजे?"

"गुलाबपानी. त्यात तमालपत्र, लवंग, दालचिनी, नारिंगाची साल, आन् शेवटाला तुरटीचा खडा. ह्याच चुलीवर. म्या उकळायची, अम्मी गाळायची. आठ दिसांच्या वर टिकायचं न्हाई, म्हनून दर जुमेरातीला, म्हंजी गुरुवारी, इलाही शाळंत असला की नवं. सायेब लोकांना वाटायचं विलायती हाय, गाल पुढं करायचे. मोहल्ल्यातले टोमणं मारायचे. अब्बा दोघांना बी हसायचा."

"आणि इलाहीभाई? त्यांना ठाऊक नाही?"

हसू ओसरले. "त्यो धा वर्सांचा व्हता, तवा अम्मी गेली. मग पानी बी बंद झालं. त्याला धाडला शिरूरला चुलत्याकडं, काम शिकाया." त्यांनी चुलीत एक लाकूड सरकवले. "मला वाटलं त्याला ठावं हाय. त्यानं कवा इचारलं न्हाई. म्या कवा सांगितलं न्हाई. साठ वर्सं अशीच गेली बघा, मास्तर."

त्यांनी मला नारिंग सोलावयास बसविले. मी वही काढून किती वेळ उकळावे ते विचारले.

"वास शेजारच्या दारात गेला की उतरवायचं."

हे प्रमाण मी जसेच्या तसे लिहून घेतले. थोड्या वेळाने शेजारच्या दारातून एक बाई डोकावल्या, "आपा, आज काय सन हाय?" आणि मुमताजआपांनी पातेले उतरवले.

गुरुवारी दुकानात मी, बाकावर साक्षीदार पोपटराव, आणि आरशासमोर इलाहीभाई. शेवटची दाढी त्यांनी फार सावकाश केली. हात कापत होता. गालाला टेकला की स्थिर होत होता. झाल्यावर मी पिशवीतील बाटली काढली आणि तिच्यातले पाणी निळ्या बाटलीत ओतले. इलाहीभाईंनी तळहातावर थोडे घेतले आणि नाकाशी नेले.

त्यांनी डोळे मिटले. मग एकाएकी त्यांनी हात खाली घेतला आणि टॉवेलला पुसू लागले.

"त्योच हाय, गुरुजी. अगदी त्योच," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुमी शब्द पाळला. तुमच्या गालाला लावतो म्या. पन... मला माफी करा, मला सांजच्याला मगरिबच्या नमाजाला उभं ऱ्हायचंय."

"इलाहीभाई, यात रम नाही," मी म्हणालो. "तेव्हाही नव्हती. हे तुमच्या अम्मीचे पाणी आहे. परवा मुमताजआपांनी त्याच चुलीवर केले. मी नारिंग सोलले." आणि गार्डसाहेबाच्या रिकाम्या बाटलीपासून तुरटीच्या खड्यापर्यंत सर्व सांगितले.

ते मागे सरकले आणि खुर्चीत बसले. एकतीस वर्षांत त्या खुर्चीत त्यांना बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

"अम्मीचं?"

"होय."

"म्हंजी अब्बा..."

"अब्बा पाच वेळचे नमाजी होते. त्या हातांना रम कधी लागलीच नाही."

पोपटरावांनी तोंड उघडले आणि काही न बोलता मिटले. त्यांच्या आयुष्यातील हा एकमेव प्रसंग असावा. इलाहीभाई आरशात पाहत होते. आरशात त्यांना कोण दिसत होते ते मी विचारले नाही. मग त्यांनी मान मागे टाकली, जशी मी एकतीस वर्षे टाकीत आलो तशी.

"गुरुजी," ते म्हणाले, "लावा."

मी बाटलीतले पाणी दोन्ही तळहातांवर घेतले आणि त्यांच्या गालांना लावले. हे काम मी पूर्वी कधी केले नव्हते. थोडे त्यांच्या कानात गेले.

थोड्या वेळाने आम्ही तिघांनी मिळून दुकानाचे शटर ओढले. परत येताना पोपटरावांनी रस्त्यात हळूच विचारले, "मग, गुरुजी, आता त्या आजीव परमिटाचं काय?" तो कागद आमच्या कुटुंबाने बाजरीच्या कोठीच्या झाकणाला आतल्या बाजूने चिकटवून ठेवला आहे, झाकण उघडताना प्रत्येक वेळी मला तो दिसावा म्हणून.

इलाहीभाईंच्या हातांना आता विसावा लाभो. दर गुरुवारी दौंडच्या त्या गल्लीत मुमताजआपांच्या चुलीवरचा वास शेजारच्या दारापर्यंत जात राहो, आणि शेजारच्या बाईंनी विचारले की दोघा भावंडांना हसू येत राहो.